आत्याबाई गप्प आहेत

४ मार्च, सोमवार

पडदा लालेलाल. एक प्रकरण तपासायला टाकलं की पान भरून चुका, दुसरं टाकलं की दोन पानं. संध्याकाळपर्यंत माझे डोळे चुरचुरायला लागले आणि पाय टेबलाखाली शिवणयंत्रावर असल्यासारखे हलत राहिले. समोरच्या टेबलावर भिंग धरून शुद्धलेखन तपासणाऱ्या भिंगबाईंनी शेवटी मान वर करून विचारलं, बाई, जमीन हलतेय की तुम्ही?

काम सांगायला सोपं आहे. लिफ्ट दुरुस्तीची जुनी पुस्तकं नव्या साच्यात घालायची, म्हणजे मेकॅनिकला ती टॅबवर नीट वाचता येतील. त्यासाठी सगळा मजकूर एक्सएमएलमध्ये चढवलाय. एक्सएमएल म्हणजे प्रत्येक वाक्याच्या गळ्यात पाटी: ही पायरी, ही धोक्याची सूचना, हे लागणारं हत्यार. कुठली पाटी कुठे यावी, कितीदा यावी, कुणाच्या आधी यावी, याचे नियम लिफ्ट कंपनीने आखून दिलेत. त्या नियमांना स्कीमा म्हणतात. तपासणीचा प्रोग्राम एकेक प्रकरण स्कीमाशी ताडून बघतो आणि जिथे जुळत नाही तिथे नावं ठेवतो. पदर असा का, कुंकू तसं का, चहात साखर कोणी घातली. म्हणून आम्ही त्याचं नाव आत्याबाई ठेवलंय.

साहेब दुपारी येऊन गेले. महिनाअखेर सगळी पुस्तकं आत्याबाईंच्या नजरेखालून पार झाली, तर विभाग माझ्या हाताखाली. नाही झाली, तर कंपनी काम दुसरीकडे नेणार आणि आपण सगळे घरी. हे त्यांनी हसत सांगितलं. साहेब वाईट बातमी नेहमी हसत सांगतात, त्यामुळे चांगली बातमी देतात तेव्हाही मी आधी डबा आवरायला घेते.

५ मार्च

पहाटेच जाग आली. गॅस बंद आहे का बघितलं. मग दार. मग परत गॅस.

धाकटा भाऊ उठला तेव्हा त्याला सांगितलं की पुस्तकं आधी त्याच्याच डेपोत वापरून बघणार आहेत. तो त्याच कंपनीत लिफ्ट मेकॅनिक आहे, त्यामुळे घरात आम्ही दोघंही लिफ्टवर जगतो. मी बसून आणि तो लोंबकळून. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, तेव्हापासून आम्ही दोघंच. ऐकून इतका खूष झाला की टूथब्रश तोंडात ठेवूनच बोलायला लागला. आता डेपोत सगळ्यांना सांगतो, हे आमच्या ताईचं पुस्तक आहे, नीट वाचा, पानाला थुंकी लावू नका. म्हटलं, टॅबला कोण थुंकी लावतं? म्हणे, तू आमची माणसं बघितली नाहीस.

ओला टॉवेल आजही पलंगावर. रोज सांगते. या माणसाला एक गोष्ट एकदा सांगून भागतच नाही.

८ मार्च

सापडलं. निम्म्याहून जास्त चुका एकाच जातीच्या आहेत. आत्याबाई म्हणतात: 'सूचना' इथे अपेक्षित नाही, इथे 'पायरी' हवी. म्हणजे नियमाप्रमाणे धोक्याच्या सगळ्या सूचना प्रकरणाच्या सुरुवातीला याव्यात, त्यानंतर हत्यारं आणि मग पायऱ्या. जुनी पुस्तकं ज्याने त्याने मनाला येईल तशी लिहिलेली. कुणी सूचना आधी दिलीय, कुणी मध्येच, कुणी काम संपल्यावर. म्हणजे हात कापल्यावर सुरी धारदार आहे म्हणून सांगावं तशी.

हे हाताने करत बसले असते तर म्हातारी झाले असते. छोटासा प्रोग्राम लिहिला. प्रकरणात जिथे जिथे सूचना दिसेल तिथून उचलायची आणि वर नेऊन ओळीत उभी करायची. चालवला. चहा करायला गेले, परत येऊन बघते तर पडद्यावर लाल कमी आणि हिरवं जास्त.

एवढा आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. खिडकीपर्यंत जाऊन आले, जिना उतरून परत चढून आले. तरी बसवेना.

१२ मार्च

उरलेल्या चुकांमधला मोठा गठ्ठा आज फोडला. नेहमीच्या सूचनांना क्रमांक दिलेले आहेत आणि एक क्रमांक एका प्रकरणात एकदाच यावा असा नियम आहे. आमच्या प्रोग्रामने सगळ्या सूचना वर नेल्यावर एकाखाली एक तीच ती सूचना. 'मुख्य स्विच बंद करून कुलूप लावा. मुख्य स्विच बंद करून कुलूप लावा.' काही प्रकरणांत तर देवळात घंटा वाजवावी तसं. आत्याबाई प्रत्येकीवर ओरडतात: ही आधीच आली आहे.

कंपनीतले जे गृहस्थ स्कीमा सांभाळतात, त्यांना आम्ही नियमवाले म्हणतो. त्यांना फोन लावला. म्हणाले, तोच मजकूर दोनदा कशाला? एकदा पुरे. मलाही पटलं. प्रोग्रामला आणखी एक ओळ शिकवली: पहिली ठेव, बाकीच्या काढ.

भिंगबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, एकदा सांगितलेलं पुरतं का पण? समजा कुणी विसरला तर? मी म्हटलं, मोठी माणसं आहेत ती, आणि आत्याबाईला मिशा असत्या तर आपण काका म्हटलं असतं. त्या हसल्या आणि परत खाली वाकल्या. हिरवं झालेलं प्रकरणही त्या पहिल्यापासून वाचत बसतात, हातात ते गोल भिंग धरून. स्वल्पविराम शोधतात. मी स्पष्ट सांगितलं, हिरवं झालं की पुढे सरका, एवढा वेळ नाही आपल्याकडे.

घरी आल्यावर वाटलं की जरा तोडून बोलले. पण कुणीतरी बोलायला हवं.

१५ मार्च, शुक्रवार

पहिला संच पूर्ण हिरवा. एकही चूक नाही. आत्याबाई गप्प. साहेबांनी सगळ्यांसमोर हात मिळवला आणि संच लगेच धाकट्याच्या डेपोत पाठवून दिला. बटण मीच दाबलं.

साहेबांनी नंतर केबिनमध्ये बोलावून टीमबद्दल लिहून मागितलं. भिंगबाईंच्या नावापुढे लिहिलं: प्रामाणिक, पण संथ, यंत्राने तपासलेलं पुन्हा तपासतात. लिहिताना हात अडला नाही, मग खाली आल्यावर त्यांच्या टेबलाजवळून जाताना उगाच घाई का केली, कोण जाणे.

१८ मार्च

धाकट्याला विचारलं, कसं आहे पुस्तक? म्हणाला, झकास. अक्षर मोठं, चित्रं स्वच्छ, बोटाने सरकवलं की झालं. फक्त सुरुवातीला सूचनांची माळ येते ती सरकवून खाली जावं लागतं.

मी विचारलं, सरकवून? वाचत नाहीस?

म्हणाला, अगं ताई, एवढ्या सगळ्या एकदम कोण वाचणार. सगळ्या पाठ आहेत.

मला राग आला. इतका की भाजी करपली. त्याला म्हटलं, दोन आठवडे मी त्यात जीव घालतेय आणि तू अंगठ्याने उडवून लावतोस. लोकांच्या जिवाशी खेळ आहे, सुरुवातीला दिल्यात म्हणजे सुरुवातीला वाचायच्या. त्याने दोन्ही कान पकडले, आईसमोर पकडायचा तसे, आणि करपलेली भाजी मुकाट्याने खाल्ली.

माणसं निष्काळजी असतील तर पुस्तक काय करणार?

१९ मार्च

दुसऱ्या संचाचं काम चालू. हिरवं, हिरवं, हिरवं. चहा फार होतोय.

२२ मार्च

धाकट्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत. दारातच विचारलं, काय झालं? व्हॅनच्या दारात सापडली म्हणाला. दाखव म्हटलं तर हात पाठीमागे. हाड मोडलेलं नाही, नखं जातील, नखं काय परत येतात. आठवडाभर हलकं काम दिलंय.

व्हॅनचं दार लावताना लक्ष कुठे होतं, विचारलं तर चपला काढायला वाकला. लहानपणीही हा असाच. पडला की आधी आजूबाजूला बघायचा, कुणी पाहिलं का, आणि मग रडायचं की नाही ते ठरवायचा.

२३ मार्च

डाव्या हाताने चमच्याने जेवतोय. अर्धं ताटाबाहेर. मी भरवू का विचारलं तर चिडला.

मग एकदम म्हणाला, ताई, तुमच्याकडे ते दाराचं प्रकरण कोणी केलं? दाराचा पट्टा बदलायचं. मी अभिमानाने सांगितलं, सगळी प्रकरणं माझ्याच हाताखालून गेलीत. आणि यंत्राने तपासलीत, एकही चूक नाही. त्याने मान हलवली. चांगलं आहे, म्हणाला. मग बराच वेळ पाण्याचा पेला फिरवत बसला.

याचं काहीतरी बिनसलंय. डेपोत कुणाशी भांडण झालं असावं, नाहीतर एखादी मुलगी. मुलगीच असेल. सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःशी काहीतरी पुटपुटत होता, मला बघितल्यावर दाढी करत असल्यासारखं केलं. दाढी हाताला पट्टी बांधून कोण करतं? वेळ मिळाला की विषय काढेन. आत्ता मात्र दुसरा संच, दुसरा संच, दुसरा संच.

२५ मार्च, सोमवार

आज कळलं.

धाकटा आंघोळीला गेला होता आणि त्याचा फोन वाजला. त्याचे सुपरवायझर. मी बहीण म्हटल्यावर म्हणाले, बोटं कशी आहेत आता? सांगा त्याला, रिपोर्ट पोचला. पंचवीसदा लिफ्टच्या दाराचा पट्टा बदललेला पोरगा, स्विच चालू ठेवून हात घालतो म्हणजे काय म्हणायचं. तरी बरं, दार हलकं होतं.

फोन ठेवला आणि न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहिले. तो केस पुसत बाहेर आला.

"व्हॅनचं दार होतं ना?"

त्याने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दारच होतं. व्हॅनचं नव्हतं एवढंच."

"खोटं का बोललास?"

"तू इतकी राबलीस त्याच्यावर."

"कशावर?"

तो पलंगावर बसला, ओला टॉवेल मांडीवर घेऊन. मग हळूहळू बोलायला लागला. हे दार नव्या बनावटीचं, पट्टा वेगळ्या बाजूने निघतो, म्हणून त्याने टॅब समोर ठेवून पायरीपायरीने काम केलं. स्विच बंद केला. झाकण काढलं, नट सैल केला. पुढची पायरी, स्विच चालू करून दार एकदा चालवून बघा. बघितलं. त्याच्या पुढची पायरी, पट्टा हाताने ताणून नट आवळा. ताणला. खाली कुणीतरी बटण दाबलं आणि दार सरकलं.

"रिपोर्टमध्ये काय लिहिलंस?"

"माझं दुर्लक्ष झालं असं लिहिलं. झालंच ना. मला कळायला हवं होतं." मग म्हणाला, "डेपोत सगळ्यांना सांगून बसलोय, ताईचं पुस्तक."

मी लॅपटॉप उघडला. त्याने सांगितलं ते जसंच्या तसं होतं. मग जुनं पुस्तक काढलं. त्यात दार चालवून बघण्याच्या आणि पट्टा ताणण्याच्या मधे एक चौकट होती: मुख्य स्विच बंद करून कुलूप लावा. दुसऱ्यांदा आलेली. तीच ती. म्हणून मी काढलेली.

दोन्ही पानं शेजारी ठेवून बघत राहिले. नवं पान किती नीटनेटकं दिसतं. धाकटा मागे उभा राहून म्हणाला, जाऊ दे ना, नखं येतात परत.

त्याला मी काय काय बोलले होते, १८ तारखेला.

२६ मार्च

ऑफिस उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसले. शिपायाने कुलूप काढल्यावर सगळ्यात आधी नवा संच मागे घेतला आणि डेपोच्या टॅबवर जुनी पुस्तकं परत चढवली. मग साहेबांना सांगितलं. क्रम उलटा हवा होता हे मला माहीत आहे. पण आधी विचारलं असतं तर त्यांनी विचार करायला दुपार घेतली असती, आणि दुपारपर्यंत कुठेतरी कुणीतरी पट्टा ताणत असणार.

साहेब आज हसले नाहीत. म्हणाले, "एक चूक सापडली तर ती दुरुस्त करा. सगळा संच कशाला काढला?"

"एक नाहीये, साहेब. प्रोग्राम सगळ्या प्रकरणांवरून फिरलाय. कुठली सूचना कुठून निघाली ते वाचल्याशिवाय कळणार नाही."

"तपासणीत काही आलं का?"

"नाही. सगळं हिरवं आहे."

"मग आत्याबाई गप्प आहेत, तर तुम्ही कशाला बोलताय?"

हे ते रागाने बोलले नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं. कालपर्यंत मलाही नव्हतं कळलं. मी सांगायचा प्रयत्न केला. आत्याबाई पाट्या बघतात. पाटी आहे का, जागेवर आहे का, दोनदा तर नाही. पाटीमागचं वाक्य कुणाच्या हातासाठी आहे हे त्या बघत नाहीत, त्यांना कुणी ते शिकवलेलंच नाही. साहेब ऐकत होते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

बाहेर आले आणि भिंगबाईंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. वाटलं होतं, त्या म्हणतील, मी विचारलं होतं तुम्हाला. त्या म्हणाल्या, मीही ते प्रकरण वाचलंय बाई, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दोन स्वल्पविराम काढले. मला अनुस्वार दिसतात, वीज दिसत नाही.

मग दोघींनी मधे जुनं पुस्तक ठेवलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एक पायरी त्यांनी वाचायची, मी हाताने ती केल्यासारखी करायची. स्विच बंद, हात आत. स्विच चालू, हात बाहेर. बाजूच्या खोलीतली माणसं दारात येऊन बघून गेली. दिवसभरात हात जिथे अडकला असता अशी बरीच ठिकाणं निघाली, आणि आम्ही अजून पहिल्याच पुस्तकात आहोत.

२७ मार्च

नुसत्या फेऱ्या मारतेय. स्वयंपाकघर, खिडकी, स्वयंपाकघर. धाकटा म्हणाला, ताई, मीटर लावला असता तर पैसे मिळाले असते. हसले आणि परत खिडकीपाशी गेले.

उद्या नियमवाल्यांना भेटायचंय. जुन्या सूचना जागेवर परत ठेवल्या की आत्याबाई परत लाल होणार. नियम बदलल्याशिवाय दुसरा रस्ता नाही, आणि नियम बदलला तर महिनाअखेर गेली.

२८ मार्च

मी भांडायच्या तयारीने गेले होते. नियमवाले म्हणजे फोनवरचा कोरडा आवाज. प्रत्यक्षात सैलसर स्वेटरमधला, दमलेल्या डोळ्यांचा माणूस निघाला. मी दोन्ही पानं समोर ठेवली. त्यांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, कोणाला लागलं? भावाला, म्हटलं. किती? सांगितलं.

त्यांनी पानं एकावर एक नीट ठेवली. मग म्हणाले, हा नियम त्यांनी स्वतः आखलाय. पूर्वी एका पुस्तकात धोक्याची सूचना पान उलटल्यावर मागच्या बाजूला होती. एकाने पान उलटायच्या आधी काम केलं. त्याचा हात राहिला नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं, यापुढे सगळ्या सूचना सगळ्यात आधी, कुणाला दिसल्या नाहीत असं व्हायला नको. आणि तीच तीच सूचना दिसली की माणूस वाचायचं सोडतो, म्हणून एकदाच.

भांडण कुठे ठेवावं ते मला कळेना.

शेवटी ते म्हणाले, नियम त्यांच्या एकट्याच्या हातात नाही, समितीपुढे न्यावा लागेल. "तोंडी सांगून समिती हलणार नाही. लेखी द्या. तुमच्या प्रोग्रामने सूचना काढल्या आणि त्यामुळे माणसाला लागलं, असं स्वच्छ लिहून द्या. तुमच्या सहीने. मोघम लिहिलंत तर ते म्हणतील मेकॅनिकचं दुर्लक्ष. तसा रिपोर्ट आधीच आहे त्यांच्याकडे."

"लिहून दिलं तर माझं काय होईल, तुम्हाला कल्पना आहे ना?"

"आहे," ते म्हणाले. "म्हणून मी आग्रह करत नाही."

त्यांच्या ऑफिसात लिहिलं नाही. घरी आले. रस्त्यात दोनदा चुकीच्या वळणावर वळले.

२९ मार्च, शुक्रवार

साहेबांनी सकाळी मधला मार्ग काढला. चांगला माणूस आहे, मार्ग काढतो. म्हणाले, दाराच्या प्रकरणात पायरीतच वाक्य घाला, 'स्विच बंद करून पट्टा ताणा'. म्हणजे ती सूचना उरत नाही, पायरी होते. आत्याबाई खूष. सापडतील तेवढ्या ठिकाणी तसं करा, उद्या संच द्या, सोमवारी तुमची खुर्ची हलवू. बाकीचं राहिलं असेल ते वापरणारे कळवतीलच.

मी विचारलं, कसं कळवतील?

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग कॅलेंडरकडे.

जागेवर आले. ते करता आलं असतं हे मला इथे लिहून ठेवायचंय. अर्धा तास मी करायलाही घेतलं होतं. तीन प्रकरणं केली, हिरवी झाली. चौथं लिफ्टच्या ब्रेकचं होतं. ते वाचताना मला कुठली सूचना कुठून निघालीय ते समजेना, आणि भिंगबाई त्यांच्या मुलीच्या शाळेत गेल्या होत्या, म्हणजे हाताने करून बघायला समोर कुणी नव्हतं. तिथे थांबले.

समितीसाठी लिहिलं. लांब नाही, अर्धं पान. पहिलं वाक्य: दुसऱ्यांदा आलेल्या सूचना अनावश्यक समजून मी काढून टाकल्या. सही केली, नियमवाल्यांना पाठवलं, एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. सोबत टीमबद्दलचा माझा तो कागद परत मागितला. भिंगबाईंच्या नावापुढचं खोडून नवीन लिहिलं. साहेब म्हणाले, आता त्याचा काही उपयोग नाही. म्हटलं, असू दे.

धाकट्याला सांगितलं की त्याचा रिपोर्टही बदलावा लागेल. तो नको म्हणाला. डेपोत तुझं नाव खराब होईल. मी म्हटलं, माझं नाव तू कधीपासून सांभाळायला लागलास? म्हणे, सातवीपासून. मला हसायचं होतं, जमलं नाही.

१६ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. काम दुसरीकडे गेलं नाही. नियमवाल्यांनी समितीत मुदत वाढवून घेतली. विभागावर बाहेरून एक गृहस्थ आलेत. टाय लावतात. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, तुम्हीच का त्या? मी म्हटलं, हो, त्याच.

नवीन स्कीमा आज आला. आता सूचना पायरीच्या आत बसते, जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा. जिथे पायरीत स्विच चालू होतो, तिथून पुढच्या पायरीला सूचना नसेल तर आत्याबाई ओरडतात; ही अट नियमवाल्यांनी मुद्दाम वेगळी लिहून घातली. आणि सूचना आली की टॅबवर पडदा अडतो, वाचलं म्हणून खूण केल्याशिवाय पुढची पायरी उघडत नाही.

सगळी पुस्तकं परत तपासायला टाकली. पडदा लालेलाल, पहिल्या दिवसापेक्षा वाईट. भिंगबाईंनी खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी आणली. त्या वाचतात, मी हात हलवते.

२१ मे

डेपोतून पहिल्या तक्रारी आल्या. टायवाल्यांनी मला बोलावून त्या वाचून दाखवल्या. सगळ्यांचा सूर एकच: सूचना वाटेत येतात, काम करताना सारखं थांबावं लागतं, तेच तेच विचारतं. त्यांनी विचारलं, यावर काय उपाय? मी म्हटलं, उपाय नाही, ते मुद्दामच तसं आहे. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. बहुधा माझ्याबद्दल.

धाकटा घरी आला तो कुरकुरतच. नखं आलीत, पण एक जरा वाकडं आलंय. जेवताना म्हणाला, "कोणी लिहिलंय हे? एका कामात तिसऱ्यांदा विचारतं, स्विच बंद केलात का. अरे, केला की मघाशी."

"मग तू काय करतोस?"

"काय करणार," तो भात कालवत म्हणाला. "शिव्या देतो, आणि जाऊन बघून येतो."